दादाचा ॲम्प लॅपटॉपात गेला

आमच्या दादाला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर तो म्हणतो, "छापखान्यात असतो." गिटारचं नावसुद्धा काढत नाही. छापखान्यात तो पोटासाठी जातो आणि जगतो शनिवार-रविवारी, गिटार हातात असते तेव्हा, हे त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण सांगायची लाज. औषधांची खोकी, साबणाची वेष्टणं, बिस्किटांचे कागद असलं काय काय छापणारं एक अवाढव्य मशीन आहे, त्याच्या शेजारी उभं राहून त्याची निम्मी हयात गेली. उरलेली ड्रमच्या शेजारी गेली, कारण स्टेजवर त्याची जागा पहिल्यापासून तीच.

मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या बँडचा मिक्सर मी सांभाळते. मिक्सर म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जिथे येऊन मिळतात आणि जिथून ते हॉलमध्ये जातात ते टेबल. कुणाला वर काढायचं, कुणाला खाली बसवायचं, ते माझ्या बोटांवर. तोंड माझं तिखट आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी तक्रार करायला नको.

दादा अगदी उलटा. तालमीला वेळेआधी येणार, कोपऱ्यात बसून तारा फडक्यानं पुसणार, कुणी काही म्हणालं तर मान हलवणार. एकाच बाबतीत हट्टी, ती म्हणजे त्याचा ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा खोका. जुना, काचेच्या नळ्यांचा, उचलायला दोन माणसं लागायची आणि तिसरं दार धरायला. चालू केला की लगेच वाजवायचा नाही, आधी तापू द्यायचा. त्याच्या बटणांना आम्ही हात लावलेला त्याला खपायचा नाही. मलासुद्धा नाही, आणि मी तर त्याच्या खांद्यावर बसून मोठी झालेली.

मधल्या काळात एक माशी शिंकली. त्या ॲम्पचा आवाज टोचायला लागला. पूर्वी कसा भरलेला, गोल असायचा, तो आता सुईसारखा कानात घुसायचा. नळ्या म्हाताऱ्या झाल्या असतील म्हणून दादानं नळ्या बदलल्या. तरी तेच. मग स्पीकर बदलला. तरी तेच. कॅप्टन म्हणजे आमचा कीबोर्डवाला आणि बँडचा म्होरक्या, वयानं दादाहून बराच लहान, तो दादाच्या बाजूचा कान झाकून वाजवायला लागला. दादाला काही बोलायचा नाही. मला मात्र डोळ्यांनी विचारायचा, हे काय चाललंय?

तेवढ्यात हॉटेलचं प्रकरण आलं. नवंकोरं हॉटेल, तीन बाजूंनी काच असलेला जेवणाचा हॉल, आणि दर रविवारी दुपारी वाजवायला त्यांना बँड हवा होता. एका रविवारी वाजवून दाखवा, पाहुण्यांना आवडलं तर वर्षाचा करार, असं मॅनेजर म्हणाला. अट एकच. स्टेजवर ॲम्प चालणार नाही. काच हादरते, पाहुणे वैतागतात. सगळी वाद्यं थेट मिक्सरला जोडायची, आणि वादकांनी आपला आवाज कानात इयरफोन घालून ऐकायचा.

म्हणजे दादाचा ॲम्प घरी आणि त्याच्या जागी लॅपटॉप. हल्ली तशी सॉफ्टवेअर मिळतात. गिटारची वायर एका छोट्या डबीतून लॅपटॉपला जोडायची, आत पडद्यावर ॲम्पचं चित्र असतं, बटणं असतात, पायाच्या स्विचनं आवाज बदलता येतो. कॅप्टननं सांगितलं की तुम्ही दोघं मिळून एक निवडा. आणि मग जाता जाता, अगदी साध्या सुरात म्हणाला की नाहीच जमलं तर काळजी नको, गिटारचे तुकडे तो कीबोर्डवर वाजवून टाकेल, त्यात गिटारचा आवाज आहे.

दुष्टपणानं नाही म्हणाला तो. पण दादाच्या हातातलं फडकं तारांवर तसंच थांबलं, ते मी पाहिलं.

घरी आल्यावर वहिनीला हे सांगितलं तर ती खुर्चीत बसलीच. कारण आम्हा दोघींना एक जुनी गोष्ट आठवली. एकदा मशीनमध्ये दादाचं बोट सापडलं होतं आणि बरेच महिने गिटार बंद होती. तेव्हा तो जेवायला बसायचा, ताटाकडे बघायचा आणि उठायचा. रडला नाही, चिडला नाही, नुसता विझत गेला. वहिनी तेव्हा त्याच्या उशाशी जागी असायची. आता पुन्हा तसं झालं तर काय, हेच दोघींच्या मनात होतं. 

निवड सुरू झाली. लॅपटॉप माझा, डोकेदुखीही माझीच. पहिल्या सॉफ्टवेअरला आम्ही 'नवरदेव' नाव दिलं, कारण ते नटून-थटून आलं होतं. पडद्यावर ॲम्पचं चित्र असं की हात लावावासा वाटावा. चामडं, पितळी कोपरे, वर ओरखडेसुद्धा काढलेले. दादा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ओरखडे कशाला काढलेत? ते काय वाजतात? आवाज चांगला होता नवरदेवाचा. पण पायानं स्विच दाबून एका आवाजातून दुसऱ्यात जाताना मध्ये क्षणभर सगळं गप्प व्हायचं. घरात चालून जातं. भर गाण्यात, कडवं संपून गिटारचा तुकडा सुरू होताना ती फट पडली तर जिना उतरताना एक पायरी हुकल्यासारखं होतं. नवरदेव परत पाठवला.

दुसरा 'राक्षस'. जगातले झाडून सगळे ॲम्प त्याच्या पोटात. पण तो सुरू केला की लॅपटॉपचा पंखा बोंब मारायचा आणि आवाजात तडतड यायची. तडतड घालवायची तर सेटिंगमध्ये लॅपटॉपला जरा सवड द्यावी लागायची, आणि सवड दिली की तार आता छेडली आणि आवाज मागाहून आला, असा प्रकार. अगदी केसाएवढा उशीर. मला तर आधी कळलासुद्धा नाही. दादाला पहिल्याच झटक्याला कळला. म्हणाला, मी वाजवतोय आणि माझ्यामागून दुसराच कुणीतरी वाजवतोय. त्यात हा राक्षस मनात येईल तेव्हा इंटरनेट मागायचा. भर कार्यक्रमात त्यानं पासवर्ड विचारला तर काय करू, या विचारानं माझी झोप उडाली होती. त्यालाही रामराम.

तिसरं साधं होतं. मोजकेच ॲम्प, मोठी मोठी बटणं, चित्रबित्र काही नाही. लावलं की चालू, सांगितलं की करणार, तोंड वर करून बोलणार नाही. याचं नाव 'कारकून'. शिवाय माझ्या मिक्सरजवळ टॅबलेट ठेवला तर मला तिथून त्याची बटणं फिरवता यायची. मला कारकून फार पसंत पडला. दादाचं तोंड मात्र वाकडं. आवाजावर जाड पांघरूण घातलंय, म्हणाला.

आणि इथेच माझं डोकं फिरायला लागलं. नवरदेव असो, राक्षस असो, कारकून असो, दादानं स्वतः आवाज लावला की माझे दात शिवशिवायचे. खर्ज काढून टाकायचा, ट्रेबल म्हणजे आवाजातला तीक्ष्णपणा चढवत न्यायचा. मी मिक्सरवर तो कमी करायची, तो लॅपटॉपवर वाढवायचा. मी खाली, तो वर. शेवटी मी इतका कापला की गिटार नुसती कागद फाडल्यासारखी वाजायला लागली, कारण अंगच काढून टाकलेल्या आवाजाला मिक्सरवर अंग आणू कुठून?

म्हटलं, हे असं भांडत बसण्यापेक्षा शिस्तीत करू. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. गिटार एकदाच वाजवायची, कोरी, कुठलाही ॲम्प न लावता, ती टिपून ठेवायची आणि मग तेच वाजवणं हवं तितक्या वेळा हव्या त्या सॉफ्टवेअरमधून काढायचं. हात तोच, तुकडा तोच, फरक पडला तर फक्त आवाजाचा. आणि ऐकणाऱ्यानं पडद्याकडे पाठ करून बसायचं, नाहीतर डोळेच निकाल देऊन मोकळे होतात.

तर सुट्टीच्या दिवशी सकाळी दादाच्या घरी आम्ही हे मांडलं. दादा खिडकीकडे तोंड करून बसला. मी टेबलापाशी. वहिनी आत भांडी घासत होती. कारकुनाचा साधा आवाज ऐकवला, मग ट्रेबल थोडा वाढवून ऐकवला. विचारलं, कुठला बरा? सारखेच, दादा म्हणाला. आणखी वाढवला. सारखाच.  मी बटण पार टोकाला नेलं. त्या खोलीत बसवत नव्हतं, इतका तो आवाज ओरबाडत होता. दादा पायानं ताल धरून खिडकीबाहेर बघत होता.

दारात वहिनी येऊन उभी राहिली. हात साबणाचे, म्हणून तिनं दोन्ही मनगटं कानांवर दाबून धरली होती.  मी आवाज बंद केला.

"हा शेवटचा जरा बरा होता," दादा वळून म्हणाला. "हाच ठेव."

वहिनीनं हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघितलं. त्यानं वाढवत नेलेला टीव्हीचा आवाज, त्याला ऐकू न आलेली फोनची रिंग, दारावरची बेल, हे सगळं तिनं केव्हाच बघितलं असणार. ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

नळ्या बदलल्या होत्या. स्पीकर बदलला होता. अख्खा ॲम्प बदलला, सॉफ्टवेअर तीन झाली. या सगळ्यात बदललं नव्हतं ते एकच, आणि ते दादाच्या डोक्याच्या दोन बाजूंना होतं.

आता तुम्ही म्हणाल, तोंड तिखट आहे ना, मग सांगून टाकायचं. अहो, रिक्षावाल्याशी भांडणं वेगळं आणि दादाला हे सांगणं वेगळं. रोज ठरवायची, आज बोलायचंच. फोन उचलायची, त्याचा आवाज ऐकला की तोंडातून शब्द फुटायचा नाही. तो कसा आहे ते मला माहीत. माझ्यामुळे बँडला त्रास नको, एवढं म्हणून तो गिटार कपाटात ठेवेल आणि कुणी थांबवायच्या आत सगळं संपलेलं असेल. कीबोर्डमध्ये गिटारचा आवाज आहेच. दादानं जागा खाली करावी म्हणून त्याला कुणी हाकलायची गरजच नव्हती.

मी भित्र्या माणसाचा मार्ग धरला. कारकुनात माझ्या कानांनी नीट आवाज लावला, भरलेला, गोल, जुन्या ॲम्पच्या चांगल्या दिवसांसारखा, आणि तो साठवून ठेवला. म्हटलं, तालमीत सगळ्यांना आवडला की दादाही ऐकेल.

कसलं काय. हॉटेलच्या रविवारआधीची शेवटची तालीम. दादानं पहिली तार छेडली, चेहरा पाडला आणि वाकून लॅपटॉपवर ट्रेबल चढवला. कॅप्टननं कानातून इयरफोन ओढून काढले. मी टॅबलेटवरून कमी केला. दादानं पुन्हा चढवला. मी पुन्हा उतरवला. असं दोन-तीनदा झालं आणि दादानं गिटार स्टँडवर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला चारचौघांत आवाज चढवताना ऐकलं.

"सॉफ्टवेअरमध्ये काही दोष नाही," तो म्हणाला. "हिचे कान गेलेत. हिला वरचं काही ऐकूच येत नाही, म्हणून सगळं कापत सुटलीय."

 ड्रमवाला काड्यांकडे बघायला लागला. माझा स्वभाव बघता मी तिथल्या तिथे त्याला फाडून खायला हवं होतं. कॅप्टननं तर तेवढ्यासाठी खुर्ची मागे घेतली. पण रागाच्या जागी मला एकदम दार उघडल्यासारखं दिसलं. आणि खरं सांगते, बारीकशी धास्तीही वाटली, की खरंच माझेच गेले असतील तर?

"असेल," मी म्हणाले. "उद्याच तपासून घेते. पण एकटीला भीती वाटते. तू बरोबर ये."

दादाचा राग तिथेच उतरला. वेडा आहे. दुसऱ्या दिवशी छापखान्यातून सुट्टी काढून माझ्याआधी दवाखान्याच्या दारात हजर.

कान तपासायची ती जागा एका इमारतीत वरच्या मजल्यावर होती. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, आत काचेची खिडकी असलेली एक छोटी बंद खोली. आमचा नंबर यायला वेळ होता. दादा माझ्या शेजारी बसला आणि मला धीर द्यायला लागला. काल चारचौघांत बोलायला नको होतं, म्हणाला. हल्ली यंत्रं छान मिळतात, कानात घातलेलं कुणाला दिसतही नाही. आपल्या धंद्यात व्हायचंच, एवढा आवाज सोसायचा म्हणजे. मी भिंतीवरच्या तक्त्यातला कान बघत होते, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"आणि हे बघ," तो म्हणाला, "काही निघालं तरी तुला मिक्सरवरून कुणी उठवणार नाही. मी आहे ना. तुला नाही ऐकू आलं तर मी सांगत जाईन."

माझे डोळे भरून आले. दादाला वाटलं मी घाबरलेय. त्यानं माझ्या डोक्यावर टप्पल मारली, लहानपणी मारायचा तशी.

माझी तपासणी झाली. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक शिट्टीसारखा आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. तपासणाऱ्या बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की कान ठणठणीत आहेत. मग मी त्यांच्या कानाशी लागले आणि त्यांनी दादाला हाक मारली, आलाच आहात तर तुम्हीही बसा. तो हसत हसत आत गेला.

मी काचेबाहेर बाईंच्या मागे उभी राहिले. दादा ताठ बसला होता, बटण मुठीत, अंगठा वर, शाळेत पाढे म्हणायला उभा केल्यासारखा. बाईंनी खालचे सूर पाठवले. त्यांच्या टेबलावरचा दिवा लगेच लागला. पुढचा सूर, दिवा. पुढचा, दिवा. दादानं काचेतून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, किती सोपं आहे म्हणून. मग बाई वरच्या सुरांकडे गेल्या. दिवा लागला नाही. त्यांनी आवाज वाढवला. दिवा नाही. आणखी वाढवला. माझ्यापर्यंत ती शिट्टी त्याच्या हेडफोनमधून, बंद दारातून बारीकशी ऐकू यायला लागली.

दादा थांबला होता. अंगठा तसाच तयार, मान थोडी तिरकी, सगळा जीव कानात गोळा करून तो आवाज सुरू व्हायची वाट बघत होता.

बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. पुन्हा मान वळवली तेव्हा दादा आमच्या दोघींकडे बघत होता आणि त्याचा अंगठा हळूहळू खाली येत होता.

बाईंनी नंतर नीट समजावून सांगितलं. मशीनचा गोंगाट, ड्रमवरच्या थाळ्यांचा दणका, वय, सगळं मिळून वरचे सूर गेलेत. गेलेले परत येणार नाहीत. बोलणं समजायला यंत्राची मदत होईल, गाण्याचं मात्र सांगता येत नाही. डॉक्टरांची वेळ घ्या. दादानं प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि त्यांचे आभारही मानले.

आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो. मग त्यानं विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? मी सांगितलं, तू खिडकीकडे तोंड करून बसला होतास त्या दिवसापासून. आणि तिला? वहिनीला त्याही आधीपासून. तो पदपथाच्या कडेला थांबला. येणारी-जाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. म्हणाला, कॅप्टनला आजच सांगतो, रविवारी कीबोर्डवर भागवा.

हेच ते. ज्याची भीती होती तेच, आणि तेही इतक्या शांतपणे. मग मात्र माझा ताबा सुटला. भर रस्त्यात मी त्याला असा झापला की पानवाला दुकानाबाहेर आला. म्हटलं, सॉफ्टवेअरनं केसाएवढा उशीर केला तो कुणाला कळला? मला? कॅप्टनला? बोटं शाबूत आहेत, ताल शाबूत आहे, वरचा थोडा आवाज तेवढा गेलाय आणि लागला निघायला. मला मिक्सरवरून कुणी उठवणार नाही म्हणालास ना मघाशी? मग तुला कोण उठवतंय? तूच ना?

"पण मला जो ऐकूच येत नाही, तो आवाज मी लावू कसा?" त्यानं विचारलं.

"तू वाजव," मी म्हणाले. "लावेन मी."

 त्यानं कॅप्टनला फोन केला नाही. त्या संध्याकाळी आम्ही कारकून पक्का केला. मी बटणं फिरवली, वहिनी दारात उभी राहून सांगत होती, टोचतंय, अजून टोचतंय, आता नाही. दादा मध्ये बसून दोघींच्या तोंडाकडे बघत होता. त्याला विचारलं, तुला कसा वाटतो? म्हणाला, पांघरूण.

रविवारी दुपारी हॉटेलच्या हॉलमध्ये लोक जेवत होते, मॅनेजर दाराशी उभा होता. लॅपटॉप दादाच्या उजव्या हाताला, स्टुलावर. हात लांब केला की बटण. मी लाख ठरवलं असेल, पण शेवटी ते बटण त्याच्या हाताशी होतं आणि त्यानं ट्रेबल चढवला असता तर त्या काचांमध्ये तो आवाज सुऱ्यांसारखा फिरला असता. मी टॅबलेटवर बोट तयारच ठेवलं होतं.

पहिलं गाणं गेलं. दादा खाली मान घालून वाजवत होता, चेहरा असा की कुणी त्याला अंधाऱ्या खोलीत सोडलंय. दुसऱ्या गाण्यात मध्ये गिटार एकटीच वाजते. तो तुकडा सुरू होण्याच्या तोंडावर त्याचा उजवा हात तारांवरून उठला आणि लॅपटॉपकडे गेला.  हात बटणाशी थांबला. त्यानं मान वर करून हॉलच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको. त्यानं हात तारांवर आणला आणि वाजवायला लागला.

काय सांगू. मी त्याला इतकी वर्षं ऐकतेय, पण त्या दिवशी लोकांचे चमचे थांबले. कॅप्टन कीबोर्ड सोडून त्याच्याकडे बघत राहिला. आणि ज्यानं ते वाजवलं तो डोळे मिटून, स्वतःचाच आवाज नीट ऐकू न येता, नुसत्या बोटांच्या भरवशावर पुढे पुढे जात होता. माझी भीती मात्र शेवटच्या सुरापर्यंत गेली नाही.

करार झाला. सामान आवरताना कॅप्टन आनंदानं दादाजवळ आला, म्हणाला, दादा, तुमचा जुना आवाज परत आला, कुठलं सॉफ्टवेअर लावलंत शेवटी? मला वाटलं आता हसून वेळ मारून नेईल. त्यानं वायर गुंडाळणं थांबवलं.

"त्या दिवशी मी हिच्या कानांबद्दल बोललो ते चुकीचं होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कान माझे गेलेत. आजचा आवाज हिनं लावलाय. मला तो नीट ऐकू आला नाही. चालत असेल तर मी वाजवेन, नसेल तर सांगा."

 कॅप्टननं दादाच्या हातातली वायर घेतली आणि स्वतः गुंडाळायला लागला. पुढच्या रविवारी जरा लवकर या, म्हणाला, तुमची जागा ड्रमपासून लांब करू.

बाकीचे गाडीत सामान चढवायला गेले. दादा स्टेजच्या कडेला बसला आणि शेजारची जागा हातानं थोपटली. मी बसले.

"सांग ना," तो म्हणाला. "दुसऱ्या गाण्यात मी एकटा होतो तिथे. कसा होता?"

माझ्यासारख्या तोंडाळ बाईला शब्द सापडेनात. तरी सांगायला लागले. सुरुवातीचा सूर कसा हळूच आला, मग कसा पसरला, वर गेला तेव्हा कसा चमकला आणि तरी टोचला नाही, शेवटी किती वेळ हवेत राहिला. जमेल तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दादा जमिनीकडे बघत ऐकत होता. मध्ये दोनदा त्यानं मला थांबवून मोठ्यानं बोलायला सांगितलं.